पूर्वेस कोण?

लिहायचे होते १०६०, लिहिले गेले १६०. बिहारमधल्या एका जमिनीच्या वादात विक्रीच्या कागदावर प्लॉट नंबरातले एक शून्य गळाले, आणि त्या शून्यापायी पक्षकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. १९६१ साली निकाल लागला. न्यायालयाने नंबर बाजूला ठेवून बाकीचे वर्णन वाचले. खाते नंबर १०६० शी जुळत होता, क्षेत्र जुळत होते, चतु:सीमा जुळत होत्या. त्या खात्यात १६० नंबरचा प्लॉट मुळात नव्हताच. तेव्हा नंबर चुकला तरी जमीन चुकलेली नाही, असे न्यायालयाने ठरवले.

जमिनीच्या वकिलीत हा निकाल आजही हाताशी ठेवतात. त्यातून दोन गोष्टी कळतात. एक शून्य माणसाला किती वर्षे कोर्टात फिरवू शकते, ही पहिली. दुसरी जास्त कामाची आहे: दस्तात एकाच जमिनीची ओळख चार-पाच परींनी दिलेली असते, आणि त्यातली एक चुकली तर उरलेल्या तिला सावरतात. पण त्या उरलेल्या ओळखी खऱ्या असाव्या लागतात. आपल्याकडे घोडे नेमके तिथेच पेंड खाते. नंबर लिहिताना सगळे डोळ्यांत तेल घालून बसतात आणि चतु:सीमा मात्र मागच्या खरेदीखतातून जशाच्या तशा उतरवतात.

वर्णनात काय काय असते

कोणतेही खरेदीखत उघडा. लिहून देणार, लिहून घेणार, मोबदला, भरणा हे सगळे झाले की ‘मिळकतीचे वर्णन’ येते. जिल्हा, तालुका, पोटतालुका, मौजे अमुक, ग्रामपंचायत हद्दीतील, गट नंबर, हिस्सा, क्षेत्र हेक्टर-आर, पैकी विकत दिलेले क्षेत्र, आकार रुपये-पैसे. मग ‘यांसी चतु:सीमा येणेप्रमाणे’ म्हणून पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस. शेवटी ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेपासह’ ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ओळ. ती कोणी वाचत नाही आणि गाळायचे धाडसही कोणी करत नाही.

१९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम २१ सांगते की मिळकत ओळखता येईल इतके वर्णन असल्याशिवाय दस्त नोंदणीसाठी घेऊ नये. कलम २२ प्रमाणे सरकारी नकाशाचा किंवा सर्व्हेचा हवाला द्यायला राज्य सरकार सांगू शकते. पण तो हवाला राहिला आणि बाकीच्या वर्णनावरून जमीन ओळखू येत असली, तर तेवढ्यासाठी नोंदणी अडत नाही. कायद्याला जमीन ओळखता येण्याशी मतलब आहे आणि नंबर हे त्याचे एक साधन. दुय्यम निबंधकासमोर काय तपासले जाते, हेही समजून घ्यायला हवे. सही करणारा तोच माणूस आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, ओळख देणारे हजर आहेत का, हे तिथे पाहतात. गट २३४ ऐवजी २४३ पडला आहे का, हे शोधायला निबंधक काही शेतावर जात नाही. अंगठा उमटला, फोटो निघाला, पावती हातात आली की चूक कायमची नोंदवली गेली.

चूक येते कुठून

सगळ्याच चुका टंकलेखनाच्या असत्या तर हा विषय दोन पानांत संपला असता. मराठी मुलखातल्या जमिनीला तीन-तीन नंबरांचा इतिहास आहे आणि बऱ्याचशा चुका त्या सांध्यांमध्ये घडतात.

पुणे जिल्ह्यात ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी केलेली पहिली पाहणी फसल्यावर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले आणि शेताला सर्व्हे नंबर मिळाला. ३३ फुटी साखळी, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब-रुंद चौकोन म्हणजे गुंठा: १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुढे भावाभावांत वाटण्या होत गेल्या तसे सर्व्हे नंबरला हिस्से पडले. ५७/२, मग ५७/२/१, मग ५७/२/१अ. यातला ‘अ’ गळाला की दस्त चुलत्याच्या वावरात जाऊन पडतो.

१९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने पुढची उलथापालथ केली. विखुरलेले तुकडे एकत्र करून गावोगाव गटवारी झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. काही गावांत ही योजना पुरी झाली, काहींत अर्धवट राहिली, काहींत झालीच नाही. त्यामुळे एका गावात आजही सर्व्हे नंबर चालतो आणि शिवेपलीकडच्या गावात गट नंबर. खरेदीखत गटवारीपूर्वीचे आणि सातबारा नंतरचा असला की दोघांचे जमत नाही. एकत्रीकरणात एकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या नावे गेल्याची प्रकरणे तर अजून संपलेली नाहीत.

मग गाव शहरात आले, नगर भूमापन झाले आणि सिटी सर्व्हे नंबर पडला. सातबारा बंद होऊन मिळकत पत्रिका सुरू झाली. जुना वाडा विकताना एका कागदावर सर्व्हे नंबर, दुसऱ्यावर सिटी सर्व्हे नंबर, तिसऱ्यावर नगरपालिकेचा घर नंबर. तिन्ही एकाच जागेचे आहेत, हे दाखवून देण्याची जबाबदारी मालकाच्या गळ्यात.

गावाच्या नावाचाही घोळ होतो. पुण्याच्या कुशीत आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहेत, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द आहेत. ‘बु.’ आणि ‘खु.’ एवढ्या एका अक्षराच्या फरकाने मिळकत शेजारच्या गावात जाते. तिथेही तोच गट नंबर असतो आणि तिथे तो दुसऱ्याच कुणाचा असतो.

मोजमापाची चूक सगळ्यांत फसवी. समजा, जुन्या कागदात क्षेत्र ‘१-२०’ असे आहे. लिहिणाऱ्याच्या मनात एक एकर वीस गुंठे होते, म्हणजे साठ गुंठे. नवा दस्त करताना टंकलेखकाने ते १ हेक्टर २० आर म्हणून चढवले. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, एक गुंठा म्हणजे १.०१ आर, म्हणून कुणाला खटकत नाही. पण एकर आणि हेक्टर सारखे नाहीत. साठ गुंठे म्हणजे ० हेक्टर ६०.७ आर होतात, आणि १ हेक्टर २० आर म्हणजे जवळपास दोन एकर साडेअडतीस गुंठे. कागदावर जमीन दुप्पट झाली. घेणारा खूश, देणारा बेखबर, आणि शेजारी पहिल्या मोजणीच्या दिवशी हातात दांडके घेऊन उभा.

उघडकीला कधी येते

खरेदी झाली, ताबा मिळाला, पेरणी झाली. वर्षानुवर्षे कुणी दस्त उघडत नाही. चूक बाहेर येते ती पैसा किंवा सरकार दारात आल्यावर.

पहिला थांबा तलाठ्याकडे. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच चालतो. नोंदणीची वर्दी आली की फेरफार धरायचा, हितसंबंधितांना नोटीस काढायची, हरकतीसाठी पंधरा दिवस द्यायचे आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित किंवा नामंजूर करायची, अशी रीत आहे. दस्तातला गट आणि विकणाऱ्याच्या नावचा सातबारा जुळला नाही तर नोंद इथेच अडते. खरे तर हे नशीबच. चूक ताजी असते, विकणारा चार घरे पलीकडे असतो आणि रक्कम अजून त्याच्या खात्यात असते.

पण विकणाऱ्याच्या नावे दोन्ही गट असतील तर? २३४ ही त्याचाच आणि २४३ ही. मग नोंद बिनबोभाट होते. घेणारा २३४ कसतो, सातबाऱ्यावर त्याचे नाव २४३ ला लागते. देणारा आपला म्हणून २४३ कसतो आणि कागदावर मालक राहतो २३४ चा. सगळ्यांत अवघड गाठ ही. चुकीचा नंबर भलत्याच माणसाचा असेल तर निदान चूक झाली हे कुणी नाकारत नाही. तो विकणाऱ्याचाच असेल तर उद्या त्याची मुले म्हणू शकतात, ‘आमच्या बापाने २४३ च विकला होता, २३४ तुम्ही बळकावलात.’

दुसरा थांबा बँकेचा. कर्जासाठी पॅनेलवरचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो आणि नंबरांची साखळी तुटलेली दिसली की प्रकरण परत पाठवतो. तिसरा थांबा भूसंपादनाचा. नागपूर-मुंबई समृद्धीसारखा ७०१ किलोमीटरचा रस्ता आखला जातो तेव्हा गावोगावच्या याद्या गट नंबरांनी निघतात. जमीन एकाची जाते आणि मोबदल्याची नोटीस दुसऱ्याला येते. आणि चौथा थांबा मोजणीचा, जिथे कागद आणि माती समोरासमोर येतात.

चूकदुरुस्तीपत्र

दोघे राजी असतील तर उपाय सोपा आहे, आणि तो सोपा आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते. नोंदवलेल्या दस्तावर खाडाखोड करता येत नाही. पेनाने आकडा बदलून शेजारी सही ठोकणे हा दुरुस्तीचा मार्ग नाही. तो नवा गुन्हा ठरू शकतो. मूळ दस्त आहे तसा राहतो आणि त्याच्या जोडीला दुसरा दस्त होतो, चूकदुरुस्तीपत्र. त्यातला कळीचा मजकूर साधारण असा असतो:

“सदर खरेदीखतात मिळकतीच्या वर्णनात गट नंबर २४३ असा जो उल्लेख आहे, तो नजरचुकीने व टंकलेखनदोषाने झालेला आहे. त्या ठिकाणी गट नंबर २३४ असे वाचावे. मूळ दस्तातील मोबदला, क्षेत्र, चतु:सीमा व दिलेला ताबा यांत कोणताही बदल नाही. हे चूकदुरुस्तीपत्र मूळ दस्ताचा अविभाज्य भाग समजावा.”

या चार वाक्यांत प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. पहिले चूक कुठे आहे ते दाखवते आणि ती कशी झाली तेही सांगते. दुसरे नेमका बदल देते. तिसरे सगळ्यांत मोलाचे: बाकी काहीही बदललेले नाही, अशी ती कबुली आहे. हे वाक्य लिहिता येत नसेल, म्हणजे क्षेत्र वाढत असेल, किंमत बदलत असेल किंवा आधी न विकलेला तुकडा आत येत असेल, तर ती दुरुस्ती नव्हे, नवा व्यवहार आहे. त्याचे मुद्रांक शुल्क नव्याने भरावे लागते आणि निबंधक कार्यालय ते मागतेच. निव्वळ चूक असेल तर मूळ व्यवहाराचे शुल्क पुन्हा पडत नाही, नाममात्र मुद्रांकावर आणि नोंदणी फीवर काम होते. चौथे वाक्य दोन कागदांना एकत्र बांधते. पुढे कुणीही मूळ खरेदीखत दाखवले की हे पत्रही दाखवावे लागते.

सह्या मूळ दस्तावर ज्यांनी केल्या त्या सगळ्यांच्या लागतात, संमती देणाऱ्यांसह. मधल्या काळात जमीन पुढे विकली गेली असेल तर नवा मालकही त्यात हवा, आणि जमिनीवर बोजा असेल तर बँकेला अंधारात ठेवून चालत नाही. सोबत मूळ दस्ताची प्रत, सूची क्रमांक दोन, चालू सातबारा, आठ-अ आणि शक्यतो मोजणीचा नकाशा जोडायचा. दुरुस्तीपत्र नोंदवले म्हणून सातबारा आपोआप सुधारत नाही. त्याचा फेरफार वेगळा धरावा लागतो. अनेक जण निबंधक कार्यालयातून पेढे वाटत निघतात आणि पुढच्या पिढीला कळते की तलाठ्याकडे कुणी गेलेच नव्हते. मूळ दस्त बरोबर आणि चूक फक्त सूचीतल्या नोंदीत असेल, तर नवा दस्त करायचे कारण नाही. नोंदणी कार्यालयाकडेच अर्ज करायचा असतो.

सही अडते तेव्हा

कागदाची बाजू इथे संपते आणि माणसांची सुरू होते. खरेदी झाली तेव्हा जमिनीचा भाव काय होता आणि आज काय आहे, यावर सहीची तयारी ठरते. रस्ता झाला, शेजारी प्लॉटिंग पडले, की वाड्यातले बोलणेही बदलते. ‘आबा, चूक तुमच्यासमोरच झाली, फक्त सही करायची आहे,’ असे घेणारा हात जोडून सांगतो. आबा मान डोलावतात. माजघरातून मुलगा म्हणतो, ‘सही करू की, पण त्या टायमाला जमीन फुकापरी गेली, त्याचं काय?’ चूक घेणाऱ्याची नव्हती, देणाऱ्याचीही नव्हती. पण तिची आता किंमत लागली आहे.

आबा गेले असतील तर सह्या वारसांच्या, आणि त्यात सासरी गेलेल्या मुलीही आल्या. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली आहे. ‘बहिणींना कशाला मध्ये आणायचं’ म्हणत उरकलेले दुरुस्तीपत्र पुढे त्याच मुद्द्यावर फसते. नातू न्यू जर्सीत किंवा दुबईत असेल तर कुलमुखत्यारपत्र लागते. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे परदेशात राहणाऱ्याला ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येते. महाराष्ट्रातल्या गावठाणातला एक चुकलेला आकडा असा सातासमुद्रापार जाऊन येतो.

कुणीच बधले नाही तर दिवाणी न्यायालय. १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचे कलम २६ त्यासाठीच आहे. फसवणुकीमुळे किंवा दोन्ही बाजूंच्या सारख्याच गैरसमजामुळे लेखी दस्तात त्यांचा खरा हेतू उतरला नसेल, तर न्यायालय दस्त दुरुस्त करून देऊ शकते. यातल्या ‘दोन्ही बाजूंच्या’ या अटीवर बरेच दावे आपटतात. एकट्या घेणाऱ्याचा गैरसमज पुरत नाही. दोघांच्या मनात एकच जमीन होती आणि कागदावर दुसरी उतरली, हे सिद्ध करावे लागते. दाव्याची मुदत तीन वर्षांची. चुकीच्या बाबतीत ती चूक कळल्यापासून किंवा नीट लक्ष दिले असते तर कळली असती तेव्हापासून धरतात. सातबारा दरवर्षी काढत असूनही गट नंबर पाहिला नाही, असे म्हणणाऱ्याची बाजू म्हणूनच लंगडी पडते. शिवाय मधल्या काळात कुणी तिसऱ्याने किंमत मोजून, प्रामाणिकपणे ती जमीन घेतली असेल, तर त्याच्या हक्काला धक्का लावून दुरुस्ती देता येत नाही.

राजस्थानातल्या एका प्रकरणात साठेखतात चक क्रमांक चुकला होता आणि दाव्यातही तोच चुकीचा क्रमांक उतरला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने दावा दुरुस्त करायला परवानगी दिली. दस्ताच्या दुरुस्तीसाठी वेगळाच दावा लावायला हवा, हा आग्रह मान्य झाला नाही. चूक खरी असेल तर न्यायालय दार उघडे ठेवते, एवढा धीर त्यातून मिळतो.

सातबाऱ्यातली चूक आणि दस्तातली चूक यांत गल्लत करू नये. दस्त बरोबर असेल आणि तलाठ्याने उतरवताना चुकवले असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५५ पुरते. लेखनप्रमाद आणि संबंधितांनी कबूल केलेल्या चुका तहसील पातळीवर दुरुस्त होतात. संगणकीकरणात हाताने लिहिलेले सातबारे ऑनलाइन चढवताना अशा चुका गावोगाव निघाल्या. पण मालकी कुणाची हा वाद १५५ खाली सुटत नाही, आणि दस्तच चुकीचा असेल तर तहसीलदाराच्या हाती फारसे काही राहत नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? गटवारीतल्या चुकांचे दार आणखी वेगळे. एकत्रीकरण कायद्यातच योजना दुरुस्त करण्याची कलमे आहेत आणि तो रस्ता भूमी अभिलेख खात्याकडे जातो. चुकीच्या दारात अर्ज देऊन, फेटाळला की अपील आणि मग फेरतपासणी अशी वर्षे घालवणारे तालुक्यागणिक भेटतात.

मोजणीचा दिवस

कागदावरचे वर्णन मातीत उतरते ते हद्द कायम मोजणीच्या दिवशी. भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज, फी, मग तारीख, आणि लगतच्या धारकांना नोटिसा. सकाळी भूकरमापक येतो. हातात गटाचा नकाशा, टिपण, फाळणीची प्रत. पूर्वी टेबल लावून साखळी ओढत. आता काठीवर रोव्हर असतो आणि आकाशातून आलेला आकडा त्याच्या पडद्यावर उमटतो. तरी पहिला प्रश्न तोच, जो शंभर वर्षांपूर्वीही विचारला जायचा: ‘जुना दगड कुठाय?’

दगड नांगरटीत कधीच निघालेला असतो. कुणी म्हणतो विहिरीच्या थारोळ्यात बसवला, कुणी म्हणतो गोठ्याच्या पायरीला आहे. मग बांधावरच्या बाभळीकडे बोट जाते आणि शेजाऱ्याचे बोट लगेच दुसऱ्या बाभळीकडे. नकाशातला ओढा एका बाजूला असतो, वाहता ओढा दुसऱ्या बाजूला. भूकरमापक कुणाच्याही बोटाकडे न पाहता पक्क्या खुणा शोधतो: शिवेचा दगड, तिठा, विहीर. तिथून मोजत मोजत हद्दीवर येतो आणि चुन्याची रेघ मारतो. रेघ पाहून एकजण खाली बसतो, दुसरा उभा राहतो. जबाब घेतले जातात, लगतधारकांच्या सह्या होतात किंवा ‘सही करण्यास नकार दिला’ अशी नोंद होते. यथावकाश ‘क’ प्रत मिळते. तिच्यावर वहिवाटीची रेघ आणि अभिलेखाची रेघ शेजारी शेजारी दिसतात, आणि किती वर्षे कोण कुठे कसत होता ते पहिल्यांदाच कागदावर उतरते.

पुष्कळदा असे निघते की दस्त दोघांचेही बरोबर आहेत, ताबेच उलटे आहेत. याचा गट तो कसतो, त्याचा गट हा कसतो. इथे चूकदुरुस्तीपत्र लागू पडत नाही, कारण लिखाणात चूकच नाही. अदलाबदलीचा दस्त करायचा तर पूर्वी पूर्ण मुद्रांकाच्या भीतीने कुणी पुढे येत नसे. त्यावर तोड म्हणून २०२३ च्या जानेवारीत राज्य सरकारने सलोखा योजना आणली: किमान बारा वर्षांचा परस्परांच्या शेतजमिनीवरचा ताबा असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फी, एवढ्यात अदलाबदल. सुरुवातीच्या दोन वर्षांनंतर योजनेला मुदतवाढही मिळाली. तिची अट मात्र पुन्हा तीच: दोघांनी एकत्र येऊन सही करायची.

गोव्याचे तिहेरी वर्णन

तेरेखोलपलीकडे हाच प्रश्न वेगळ्या पोशाखात भेटतो. गोव्यातल्या जुन्या मिळकतींना स्वतःची नावे आहेत आणि दस्तात आधी ते नाव येते. पोर्तुगीज काळात मिळकतीची नोंद कोन्सेर्व्हातोरियाच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या, वहीत वर्णन क्रमांकाने होई आणि करासाठी मात्रीझ क्रमांक वेगळा असे. मुक्तीनंतर सर्व्हे झाला, त्याचा नंबर आणि पोटविभाग आला, आणि फॉर्म एक व चौदा हा गोव्याचा सातबारा झाला. त्यामुळे नीट केलेल्या दस्तात आजही तिन्ही नोंदी एकाखाली एक लिहिलेल्या दिसतात. जुन्या पोर्तुगीज वर्णनातली एक मिळकत सर्व्हेत तीन नंबरांत विभागली गेली असेल, तर कोणता क्रमांक कशाशी जुळतो हे ठरवायला पुन्हा चतु:सीमाच बघाव्या लागतात: पूर्वेला कोमुनिदादीची जमीन, पश्चिमेला ओहोळ, उत्तरेला अमक्याच्या वारसांचे भाट.

नंबर बदलतात, शेजार राहतो

वादात वर्णनातल्या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध गेल्या तर कोणती खरी मानायची? १९४८ साली पॅलेस्टाईनमधल्या जमिनीच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने हद्द आणि क्षेत्र यांचा मेळ बसेना तेव्हा निश्चित हद्दीला वरचे स्थान दिले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मिळकत चतु:सीमांवरूनही ओळखता येते, आणि नंबरात तफावत असेल तर चतु:सीमांना वजन द्यावे. १८७२ च्या पुरावा कायद्यातले उदाहरण तर वकिलीच्या वर्गात हटकून येते: कुणी ‘माझे कलकत्त्यातले घर’ विकले, त्याचे कलकत्त्यात घरच नाही, पण हावड्यात आहे आणि दस्त झाल्यापासून ते घेणाऱ्याच्या ताब्यात आहे. मग विकले ते हावड्याचेच, हे पुराव्याने दाखवता येते. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तत्त्व कायम राहिले.

थोडक्यात, नंबर आणि क्षेत्र फसले की कायदा चतु:सीमांकडे आणि ताब्याकडे वळतो. आणि आजच्या दस्तांत नेमक्या त्याच जागी काय लिहिलेले असते? ‘पूर्वेस: लगत गट. पश्चिमेस: लगत गट. दक्षिणेस: रस्ता. उत्तरेस: सदर गटाचे उर्वरित क्षेत्र.’ किंवा पूर्वेस अशा माणसाचे नाव, ज्याच्या नातवाने ती जमीन कधीच विकून टाकली. पूर्व-पश्चिम उलटी लिहिल्याचेही आढळते, कारण लिहिणाऱ्याने वावर पाहिलेले नसते आणि पाहणाऱ्याने मसुदा वाचलेला नसतो. संकटाच्या दिवशी ज्या दोरीला लोंबकळायचे, तीच सुताने विणलेली.

ही दोरी मजबूत करायला कायद्यात बदल लागत नाही. चारही बाजूंना गट नंबर लिहावा आणि सोबत आजच्या धारकाचे नावही. नंबर बदलला तर नाव राहील, नाव बदलले तर नंबर राहील. ओढा, विहीर, पांदण, देवाचे ठाणे अशी सहजी न हलणारी एखादी खूण घालावी. गटातला तुकडा घेत असू तर ‘पैकी उत्तरेकडील’ एवढ्यावर भागवू नये. मोजणीचा नकाशा दस्ताला जोडावा, कलम २१ त्याची सोय देतेच. एकर-गुंठ्यांतले क्षेत्र हेक्टर-आरमध्ये बदलले असेल तर दोन्ही लिहावीत. आणि मसुदा निबंधक कार्यालयाच्या गर्दीत न वाचता बांधावर उभे राहून, देणारा-घेणारा दोघांनी, शेजारी असेल तर त्याच्याही देखत मोठ्याने वाचावा. पूर्वेस म्हटले की हात पूर्वेला गेला पाहिजे.

इतके करूनही चूक राहील. टंकलेखक माणूस आहे, तलाठी माणूस आहे, गटवारी करणारेही माणसेच होते. मात्र चूक राहण्यापेक्षा ती तशीच पडू देण्यात जास्त नुकसान आहे. नवा दस्त झाला की महिन्याभरात सातबारा काढून पाच गोष्टी ताडून पाहाव्यात: गाव, गट-हिस्सा, क्षेत्र, नाव, चतु:सीमा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात देणाऱ्याच्या घरी जावे, कारण आज नाममात्र मुद्रांकात होणारे काम उद्या वारसांच्या यादीवर आणि परवा वकिलाच्या तारखांवर जाते. चुकीचे वर्णन दुरुस्त करण्यासाठी आपल्या कायद्यात कलमांची वाण नाही. ज्याच्या सहीने ते चटकन दुरुस्त होते, त्या माणसाला थांबवून ठेवणारे कलम तेवढे कुठेच नाही.